काकूंच्या तळहाताचं माप

बाजारामागच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि सगळे त्यांना पाचमिनिटे म्हणत. कुरिअरवाला तर हे आडनावच समजून पाकिटावर लिहून घेई. त्याचं झालं असं, की कुणी फोटो काढायला आलं की यांचं सुरू व्हायचं, “अजून पाच मिनिटं. तेवढा ढग सरकू द्या.” ओळखपत्राचा फोटो आत दिव्याखाली काढायचा असतो हे सगळ्या जगाला माहीत, पण हे गिऱ्हाइकाला मागच्या अंगणात नेऊन उभं करायचे आणि आभाळाकडे बघत बसायचे. माणसं वैतागून समोरच्या दुकानात जात. तिथे दोन मिनिटांत काम व्हायचं.

खरा जीव होता तो डोंगर, पाणी, गवत यांच्यात आणि त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हात. कॅलेंडरवाले दरवर्षी त्यांचे दोन-तीन फोटो घेत. तेवढ्या भांडवलावर हा माणूस ताठ मानेने फिरे. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही, पण काकूही त्याच मुशीतल्या निघाल्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षी पाचमिनिटे पहाटे काकूंना एका उतारावर घेऊन गेले होते. समोर दोन डोंगर, त्यांच्या मधोमध खिंड. वर्षातले बारा दिवस सूर्य नेमका खिंडीतून वर येतो आणि उतारावरचं गवत, एकटं झाड आणि दगडांचं पडकं कुंपण यांच्यावर दहा-अकरा मिनिटं तिरपं ऊन पडतं. बाकीचा डोंगर सावलीत. प्रकाश मोजताना यंत्रासमोर धरायचा करडा पुठ्ठा त्या दिवशी घरीच राहिला होता. पाचमिनिटे कपाळाला हात लावून बसले. काकूंनी आपला तळहात पुढे केला.

“यावर मोजा की. हा काही घरी विसरला नाही.”

तळहात उजळ, म्हणून यंत्र सांगेल त्याच्या दुप्पट प्रकाश फिल्मला द्यायचा, असा हिशेब त्यांनी उभ्याउभ्या बसवला. फोटो असा उतरला की तो पुठ्ठा पुन्हा पिशवीत गेलाच नाही. पुढची एकोणचाळीस वर्षं प्रत्येक फोटोआधी काकू उन्हात हात धरून उभ्या राहिल्या. धुऊन आलेल्या, उजेडावर धरून बघायच्या स्लाइडसुद्धा आधी काकू बघत आणि चुका काढत, मग यांची पाळी. त्या उताराची पहिली स्लाइड मात्र पुढे एका ओल्या कपाटात बुरशीने खाल्ली. पुन्हा काढू, पुढच्या वर्षी काढू, असं म्हणता म्हणता राहूनच गेलं.

मग काकूंच्या साखरेने डोळे धरले. उजवा दोन वर्षांपूर्वी गेला. यंदा डाव्यातही रक्त उतरू लागलं. दोनदा शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही.

“पंधरा दिवस दिसेल म्हणा, महिना म्हणा,” डॉक्टर म्हणाले. “मी खोटी आशा लावत नाही. जपा. वाकायचं नाही, चढायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही.”

रिक्षा घराच्या वाटेला लागली. काकू म्हणाल्या, “अहो, खिंडीतल्या उन्हाचे दिवस आले ना? तो उतार मला एकदा फोटोत दाखवा. मग जाऊ दे काय जायचं ते.”

पाचमिनिट्यांना हुंदका आवरेना. पण आवरला, कारण रिक्षावाला आरशातून बघत होता.

आईसाठी रजा टाकून आलेल्या मुलीने सरळ मार्ग सांगितला. “बाबा, फोनवर काढा आणि त्याच दिवशी दाखवा.”

“फोनवर ऊन फटफटीत येतं. तुझ्या आईने उभा जन्म ऊन बघितलंय. तिला काय फसवायचं?”

“फसवायचं कुठे? दाखवायचंय!”

काकूंना फोनचा लखलखाट डोळ्याला सोसत नसे, हे खरं. पण तसं नसतं तरी यांनी ऐकलं नसतं. हाताशी एक बरं कारण होतं, इतकंच. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात स्लाइडच्या फिल्मचे शेवटचे दोन रोल होते. त्यातला एक कॅमेऱ्यात भरून ते उतारावर गेले.

पहिले चार दिवस धुकं. चारही दिवस ते दगडावर बसून राहिले आणि धुक्याला तोंडाला येईल ते बोलले. घरी आले की काकू विचारत, “पडलं का?” हे मान हलवत, मग लक्षात येई की मान हलवलेली काकूंना आता नीट दिसत नाही. मग तोंडाने सांगत, “नाही पडलं.”

पाचव्या दिवशी ऊन पडलं. असं पडलं की पाचमिनिटे दगडावरून ताडकन उठले. सवयीने ते म्हणाले, “हात धर गं,” आणि बाजूला बघितलं, तर कुणी नाही. वेळ कुठे होता? त्यांनी स्वतःचा तळहात उन्हात धरला, यंत्राचा आकडा घेतला, दुप्पट केला आणि सगळा रोल संपवला. त्याच दुपारी तो धुवायला मोठ्या शहरात पाठवला. जायला-यायला पाच दिवस लागत.

मंगळवारी पाकीट आलं. त्यांनी स्टुडिओत, म्हणजे काकूंच्या खोलीच्या शेजारच्याच खोलीत, कात्रीने चिकटपट्टी कापली. दुधी काचेखालचा दिवा लावला, स्लाइड मांडल्या. सगळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. झाड होतं, कुंपण होतं, पण गवतावरचं ऊन धुऊन गेलं होतं. ज्यासाठी जायचं तेच नव्हतं.

असलं काही काकूंना दाखवायचं? शेवटचं म्हणून हे दाखवायचं? त्यांनी पाकीट खणात टाकलं आणि खण बंद केला. काकूंनी पलीकडून काही विचारलं नाही.

चूक कुठे झाली हे त्यांना त्याच दिवशी उमगलं, तेही खिडकीजवळ काकूंच्या डोळ्यात औषध घालताना. काकूंचा उघडा हात मांडीवर होता आणि यांचा हात त्याच्या शेजारी. काकूंचा तळहात उजळ, स्वच्छ. यांचा चाळीस वर्षं रसायनात बुडवून तपकिरी झालेला, रेषारेषांत काळा. यंत्र आणून दोन्हींवर धरलं, तर दुपटीहून जास्त फरक. एवढी वर्षं जो हिशेब ते डोळे मिटून करत आले तो प्रकाशाचा हिशेब नव्हताच, तो काकूंच्या हाताचा होता. स्वतःच्या काळवंडल्या हातावर तोच चालवला आणि जादा उजेडाने फिल्म जाळली.

“काय मोजताय?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. सवय.”

“डाव्या बाजूला काळं वाढलंय हो,” काकू म्हणाल्या. “पण समोरचं दिसतं अजून. खिडकी दिसते. तुम्ही दिसता.”

मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाकीट अजून आलं नाही, असं त्यांनी तिला ठोकून दिलं होतं. अकराव्या दिवशी ढग आले. हे डोंगरावर बसून अक्षरशः रडले. बाराव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, नऊ मिनिटं ऊन पडलं. या वेळी आकडा बरोबर होता. चिठ्ठीवर लिहून आणला होता, काकूंच्या आणि आपल्या तळहातामधला फरक. रोल संपला तेव्हा त्यांनी उभ्या-उभ्या हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रोल गेला. पुन्हा पाच दिवस. पाचमिनिटे शहरातल्या माणसाला दिवसातून चार वेळा फोन करू लागले. तो बिचारा म्हणे, “काका, फिल्म भिजल्याशिवाय निघते का?” जन्मभर लोकांना थांबवणारा माणूस तिकडे गयावया करत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी हाक मारली. “अहो, खिडकीचा पडदा कुणी ओढला?”

पडदा सरकवलेलाच होता. खोलीभर ऊन होतं. मुलगी धावत आली आणि दारातच थांबली. दुपारपर्यंत डॉक्टर येऊन गेले. ते पायऱ्या उतरताना मुलीशी हळू बोलले, पण काय बोलले असतील ते काकूंनी ओळखलं.

ठरल्या दिवशी पाकीट आलं. स्लाइड अशी उतरली होती की कॅलेंडरवाल्याने पाय धरले असते. खिंडीतून आलेलं ऊन गवताच्या पात्यापात्यावर, कुंपणाच्या एकेका दगडावर. पहिल्या वर्षी उतरलं होतं तसं, कदाचित त्याहून सरस. पाचमिनिट्यांनी दुधी काच उचलून काकूंच्या पलंगाशी आणली, टेबलावर ठेवली, दिवा लावला. का आणली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“आलं पाकीट?” काकूंनी विचारलं.

“आलं.”

“सांगा मग.”

“ऊन कुंपणापर्यंत आलंय,” ते म्हणाले. “झाड आहे. झाडाची सावली लांब पडलीय. गवत… गवत पिवळं आहे.” पुढे शब्दच सापडेनात. एवढी वर्षं उजेडामागे फिरले, पण तो बोलून सांगायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण शेजारी बघणारं माणूस होतं.

काकू शांतपणे म्हणाल्या, “पहिलं पाकीट त्या मंगळवारीच आलं होतं ना?”

पाचमिनिट्यांनी दुधी काचेवरचा हात काढला.

“कात्रीचा आवाज ऐकला मी. म्हटलं, आता हाक मारतील. उठून बसले होते. केस नीट केले.”

“पांढऱ्या पडल्या होत्या गं. साफ चुकल्या होत्या. तुला कशा दाखवणार?”

“झाड दिसत होतं?”

“हो.”

“कुंपण?”

“हो.”

“मंगळवारी मला खिडकी दिसत होती. तुम्ही दिसत होता.” काकूंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “अहो, मला काय ते कॅलेंडरवर छापायचं होतं?”

पाचमिनिट्यांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. ते तसेच पलंगाशी बसून राहिले. टेबलावरचा दिवा बराच वेळ चालू होता. शेवटी मुलीने येऊन तो बंद केला.