बक्षीसपत्र, हमीपत्र आणि भागीरथीकाकी

शाई लागलेला अंगठा कागदाच्या वर वीतभर थांबला आणि मागे गेला.

"आधी मला सांग, वर काय लिवलंस?" भागीरथीकाकींनी विचारलं.

"बक्षीसपत्र," मी म्हणालो.

"बक्षीस? म्हशाच्या जत्रेत कुस्ती मारतो त्याला बक्षीस देतात. या दत्त्यानं कुठली कुस्ती मारली?"

दत्त्या म्हणजे काकींच्या गावचे सरपंच दत्ताराम. ते माझ्या टेबलाला टेकून उभे होते. बाजूच्या टेबलावरचे दोघे टायपिंग थांबवून हसायला लागले. मला हसू आलं नाही, कारण मार्च संपायला सहा दिवस होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुरबाडला रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर मराठी टाइपरायटर घेऊन बसायला लागून मला पाचेक वर्षं झाली होती. माझा धंदा दस्तलेखकाचा. लोकांच्या मनातला व्यवहार कायद्याच्या भाषेत टाइप करायचा, की झाला दस्त. मग तो आत साहेबांपुढे न्यायचा. साहेब म्हणजे दुय्यम निबंधक, दस्ताची नोंद करणारे अधिकारी. खेड्यातली माणसं मला वकील म्हणायची. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं.

जत्रेच्या त्या म्हसा गावाच्या अलीकडे एका गावात नळपाणी योजना मंजूर झाली होती. टाकीला उंचावर जागा हवी होती आणि तशी जागा एकच, भागीरथीकाकींच्या माळावरचे दोन गुंठे. नवरा वारल्यावर सातबारा त्यांच्या एकटीच्या नावावर आला होता. जागा ग्रामपंचायतीला फुकट द्यायला त्या तयार होत्या. मार्चअखेरपर्यंत जागेचा कागद दाखल झाला नाही, तर योजना दुसऱ्या गावाला जाईल, असं इंजिनिअरनं सरपंचांना बजावलं होतं.

"काकी, कायद्यात त्याला बक्षीसपत्रच म्हणतात," मी समजावलं. "पैसे न घेता, आपल्या खुशीनं दुसऱ्याला दिलं की ते बक्षीस."

"खुशीनं ना? मग तसं लिव."

"लिहिलंय. हे बघा, स्वखुशीने."

त्यांना वाचता येत नव्हतं, तरी माझ्या बोटाखालचा शब्द त्यांनी निरखून पाहिला. "बरं. वरचा शब्द सरकारचा, खालचा माझा. पुढं वाच."

खरं तर पुढचं वाचायची मला सवय नव्हती. साचा ठरलेला असायचा, आम्ही घडाघडा वाचायचो आणि माणसं मान हलवायची. त्या दिवशी हळू वाचावं लागलं. "...सदर मिळकत कोणताही मोबदला न घेता..."

"मोबदला म्हंजे?"

"बदल्यात काही घेणं."

"मग हे खोटं हाय. पुस ते."

सरपंच टेबलापासून सरळ झाले. "काकी, तुमी पैसे कुठं घेतलेत?"

"पैसे नाय घेतले. पण तू काय बोललास माझ्या ओट्यावर? आमच्या वाडीवर नळ देतो बोललास. नळ हा बदल्यात नाय तर काय?"

मी सरपंचांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहायला लागले. काकींची वाडी ओहोळापलीकडे. अकरा घरं. तिथवर पाइप न्यायचा खर्च मंजूर योजनेत नव्हता. म्हणजे टाकी काकींच्या जमिनीवर, पाणी गावाला आणि काकी हंडा घेऊन ओहोळातच!

"काकी, मी शब्द दिलाय ना," सरपंच म्हणाले.

"दिलास. आता तो कागदात घाल."

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. बदल्यात काही ठरलं, तर कायद्यानं ते बक्षीस राहत नाही. साहेब दस्त परत करतील, अशी मला भीती. सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता. मी तिघांसाठी चहा सांगितला आणि विचार करायला वेळ काढला.

चहा पिता पिता काकींनी विचारलं, "तू एवढे कागद लिवतोस. शब्द, वचन, करार, हमी, सगळं एकच का वेगळं?"

पाच वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. जमेल तसं सांगितलं. वचन माणसाच्या जिभेवर असतं. ते मोडलं तर त्याची लाज जाते, बाकी काही होत नाही. करारात दोघंही बांधलेले, मी हे देतो, तू ते दे. हमीत एकच जण बांधला जातो. काम झालं नाही तर जाब त्यानं द्यायचा.

"मग दत्त्याची हमी घे," काकी म्हणाल्या. "त्याला लाज कमी हाय. लहानपणापासून बगते."

आणि तिथेच मला वाट सापडली. बक्षीसपत्रात फक्त हेतू लिहायचा: वाडीसह सर्व गावाला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून ही जागा देत आहे. हेतू लिहायला कायद्याची हरकत नसते. आणि ग्रामपंचायतीनं ठराव करून वाडीच्या नळाचं वेगळं हमीपत्र द्यायचं. नळ त्या कागदात गेला, म्हणून ‘मोबदला न घेता’ राहू द्यायला काकीही तयार झाल्या. सरपंच नाइलाजानं हो म्हणाले. मी कागद चढवला आणि टाइप करायला घेतलं: टाकीत पाणी पडल्यापासून तीन महिन्यांत वाडीवर नळ देण्यात येईल.

"‘शक्यतो’ घाला," सरपंच हळूच म्हणाले. "शक्यतो तीन महिन्यांत. सरकारी कामात घालायचाच असतो."

काकींचे कान तिखट होते. "शक्यतो म्हंजे?"

"जमलं तर," मी खरं ते सांगितलं.

"बरं. मग मीपण शक्यतो जमीन देते. लिव तसं."

या वेळी सरपंचसुद्धा हसले. हसले आणि हरलेही. "राहू द्या," ते म्हणाले. "नका घालू."

ठरावासाठी खास सभा लावायची, तर आधी नोटीस द्यावी लागते. त्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून होतो. योजना गेली असती, तर सगळ्या गावानं एका म्हातारीला दोष दिला असता आणि तिला डोक्यावर चढवणारा म्हणून मला. दुपारी तीनला सरपंचांची मोटारसायकल आली. मागे काकी, हातात पिशवी, पिशवीत ठराव आणि हमीपत्र, ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यासकट.

आम्ही धावतच आत गेलो. साहेब कडक होते. त्यांनी दस्त वाचला, हेतूच्या ओळीवर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. मग काकींना नेहमीचा प्रश्न विचारला, "हा दस्त तुम्ही करून दिला हे कबूल आहे?"

"नाय," काकी म्हणाल्या.

देणाऱ्यानंच नाकारलं तर नोंद होत नाही.

"कबूल चोर होतो, सायेब. मी काय चोरलं?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अंगठा तुमचाच?"

"माझाच."

"मजकूर समजला?"

"यानं दोनदा वाचून दाखवला."

"राजीखुशीनं जागा देताय?"

"खुशीनं. लिवलंय त्यात."

साहेबांनी ‘कबूल’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्का मारताना तेही हसत होते, पण मान खाली घालून.

योजना गावातच राहिली. दुसऱ्या वर्षी टाकीत पाणी पडलं. हमीपत्राची एक प्रत काकींकडे होती. ती घेऊन त्या दर सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन बसायच्या, असं सरपंचांनीच मला नंतर सांगितलं. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बसायच्या. शेवटी सरपंचांनी माणसं गोळा केली, स्वतः पहार हातात घेतली आणि ओहोळातून पाइप नेला. तीन महिने भरायला आठ दिवस बाकी होते. नारळ फोडायला मलाही बोलावणं आलं होतं. नळ काकींनी सोडला आणि पहिला हंडा सरपंचांच्या बायकोला भरू दिला.

तेव्हापासून मी दस्त टाइप करायच्या आधी त्यातले मोठे शब्द माणसाला विचारतो, याचा अर्थ तुमच्याकडे काय होतो? दहा मिनिटं जास्त जातात. बाजूच्या टेबलावर तोवर दोन दस्त होतात. माझा एकच होतो, पण तो पुन्हा करावा लागत नाही.