केळ्याचा वास

साबिराने कित्येक वर्षांनी समुद्र पाहिला आणि पाहताच तिचा हिरमोड झाला. दाभोळच्या खाडीवर वाढलेली बाई ती. समुद्र म्हटला की सुकत घातलेले बोंबील, ओहोटीचा चिखल, होडीला लावलेलं तेल, हे सगळं आधी नाकात यायला हवं. सौदीतल्या यान्बूच्या ह्या समुद्राला वासच नव्हता. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि लांबवर रिफायनरीच्या चिमण्या.

"कोणीतरी धुऊन ठेवल्यासारखा आहे गो," ती आपल्या भावजयीला, मैमुनाला म्हणाली.

"रियाधच्या धुळीपेक्षा बरा ना?" मैमुना हसली.

सुट्टी नाताळची होती. साबिराचा नवरा मोहियुद्दीन रियाधजवळ अल सुलैला ऑक्सिजनचे सिलिंडर भरायच्या प्लांटवर ऑपरेटर होता. तिथला इंग्रज मॅनेजर डिसेंबरअखेर प्लांट चार दिवस बंद ठेवी. नाताळ हा शब्द त्या देशात उघड लिहिता येत नसे, म्हणून नोटीस बोर्डावर 'मेंटेनन्स' असं लागायचं. दरवर्षी हे दिवस घरातच जायचे. ह्या वर्षी, म्हणजे नव्वद साली, मोहियुद्दीन आपणहून म्हणाला, "चल, तुझ्या भावाकडे यान्बूला जाऊ. पोरांनी समुद्र बघितलाच नाही."

साबिराला नवल वाटलं होतं. इराकने कुवेत घेऊन चार महिने झालेले, जानेवारीच्या मध्याला दिलेली मुदत संपणार, त्यानंतर लढाई होणार हे शाळेतली पोरंसुद्धा बोलत होती. अशात समुद्र कुणाला सुचतो? पण समुद्राला नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला भरपूर पाणी घालून ती गाडीत बसली होती.

किनाऱ्यावर एरवी गोऱ्यांच्या कुटुंबांची झुंबड असते, असं मैमुना सांगत होती. आज पाच-सहा पुरुष तेवढे विखरून बसले होते. त्यांतल्या एकाने डोक्यावर नाताळची, पांढऱ्या गोंड्याची लाल टोपी घातली होती आणि तो थर्मासमधून एकटाच कॉफी ओतून घेत होता. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली तशी त्याने टोपी काढून मांडीखाली सरकवली.

"ह्यांच्या बायका-पोरं कुठे गेली?" साबिराने विचारलं.

"गेली आपल्या देशात," मैमुना म्हणाली आणि उगीचच डबे उघडू लागली.

नसरुद्दीनने, साबिराच्या भावाने, गळाला लागलेला हामूर मासा तिथेच तव्यावर तळला. खाता खाता मोहियुद्दीनने प्लांटवरचा किस्सा रंगवून सांगितला. इराक विषारी वायू सोडेल ह्या भीतीने सगळ्यांना गॅसचे मास्क वाटले होते. ते नीट बसतात की नाही हे बघायला सेफ्टीवाला तोंडाशी केळ्याच्या वासाचं औषध धरायचा. वास आला तर मास्क गळतोय.

"सगळे पास झाले. मी मात्र म्हटलं, साहेब, केळी झकास पिकली आहेत."

"दुल्हाभाई, तुमची दाढी आड आली असणार," नसरुद्दीन म्हणाला. "रबर गालाला चिकटणार कसं?"

"तेच म्हणाला तो. आता मास्क कायम जवळ ठेवायचा हुकूम आहे. डिकीत पडलाय."

सगळे हसले. साबिरानेही हसत विचारलं, "आणि आमचे मास्क?"

"बायका-पोरांची सोय अजून नाही," तो म्हणाला आणि माशाचे काटे काढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी पुन्हा किनाऱ्यावर आली. मोहियुद्दीन मागून येतो म्हणाला होता. साबिरा केळ्यांचा घड आणि टॉवेल घेऊन वाळूवर बसली. थोरली मेहेक पाण्यात होती, धाकटा उमैर शंख गोळा करत होता. तेवढ्यात उमैर धावत आला आणि तिच्या पाठीमागे लपला.

"अम्मी, वो कौन है?"

समोर मोहियुद्दीन उभा होता. हजला जाऊन आल्यापासून राखलेली दाढी साफ गेली होती. उघडा पडलेला गाल पांढुरका दिसत होता, हनुवटीला कापलेलं होतं.

साबिराला आठवलं, तिचा बाप बोटीवरून दोन वर्षांनी घरी आला की तीही अशीच आईच्या मागे लपायची. म्हणूनच लग्नानंतर तिने हट्ट धरला होता, नेत असाल तर मलाही न्या, मी वाट बघत बसणारी नाही.

"मौलवीसाहेबांना विचारलं," तो अवघडून म्हणाला. "जिवासाठी चालतं म्हणाले."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बायका-पोरं देशात धाडलेला तो लाल टोपीवाला काल एकटा बसला होता त्या जागेकडे.

"आमची गावची तिकिटं कधीची आहेत?"

तो खाली बसला. "शुक्रवारची. जेद्दाहून."

"आणि तुमचं?"

"कफील पासपोर्ट देत नाही, मालकच तो. हॉस्पिटलं साठा करतायत, सिलिंडर भरणारी माणसं सोडत नाहीत. तुमचा बाहेर जायचा व्हिसा दिला हेच खूप."

"भाईला माहीत होतं?"

"त्यालाही आणि भाभीलाही."

"मला तेवढं सुट्टी म्हणून आणलंत."

"सांगितलं असतं तर तू रियाधचं घर सोडलं असतंस?"

नसतं सोडलं. हे त्यालाही ठाऊक होतं. मेहेक पाण्यातून हाका मारत होती. साबिराने मूठभर वाळू घेतली आणि सोडली. मग म्हणाली, "तो मास्क आणा."

"इथे? लोक बघतील."

"बघू देत."

त्याने डिकीतून मास्क आणून तोंडावर चढवला, पट्टे आवळले. काचेमागे त्याचे डोळे लहान दिसू लागले. साबिराने घडातलं सगळ्यात पिकलेलं केळं सोललं, बोटांनी कुस्करलं आणि रबराच्या कडेने, जिथे काल दाढी होती तिथे, गालाशी सावकाश फिरवलं.

"येतो वास?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने दुसऱ्या गालाशी धरलं. "आता?"

पुन्हा नाही. वास आला असता तरी त्याने अशीच मान हलवली असती, हे काही तिला कळत नव्हतं असं नाही. तिने पट्टा आणखी एक घर आवळला.

उमैर हळूच पुढे झाला आणि केळं मागू लागला. साबिराने हात वाळूत पुसले, त्याला दुसरं सोलून दिलं आणि उठून पाण्याच्या कडेला गेली.

"मेहेक, बाहेर ये. कपडे वाळवून बॅगेत भरायचे आहेत."

"अम्मी, फाइव्ह मिनिट्स. परसों तो रियाध जाना ही है."

साबिरा पाण्यात घोटाभर उतरली आणि तिच्यासाठी टॉवेल उघडून उभी राहिली.