दांड्याच्या बुडाशी नाव

समजा, तुमच्या उजव्या मुठीत एक दांडा आहे. हातभर उंचीचा, वर पितळेचं भरीव डोकं, त्या डोक्यावर चार बटणं. तुम्ही जमिनीपासून हजार फूट वर आहात, डोळ्यांवर ऊन आहे, कानात इंजिन घोंगावतंय आणि दुसरा हात मोकळा नाही. अंगठ्यानं एक बटण दाबायचंय. चुकीचं दाबलं तर विमानाचं नाक भलतीकडंच जाईल. आता सांगा, त्या बटणांशेजारी काय लिहाल? केवढं लिहाल? आणि कशानं लिहाल, म्हणजे घामेजल्या तळव्यानं ते पुसून जाणार नाही?

उदगीरच्या ताहेरला हा प्रश्न १९८६च्या मार्च महिन्यात विचारला गेला. ताहेरनं विमान पाहिलं होतं ते फक्त आभाळात. त्याचा धंदा भांड्यांवर नावं टाकायचा. सराफ्याच्या कोपऱ्यावर एक ओटा, त्यावर गोणपाट, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात पोलादी खिळा आणि मुठीएवढी हातोडी. टकटक, टकटक, एकेक टिंब ठोकत त्यानं तीस वर्षं लोकांच्या घागरी, पराती, तांब्यांवर नावं टाकली. बाप हेच करायचा. बापानं टाकलेल्या नावांपुढं ‘जि. बिदर’ असायचं. ताहेरनं हातोडी धरली तेव्हा ‘जि. उस्मानाबाद’ आलं. चार वर्षांपूर्वी लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ‘जि. लातूर’ लिहायला मिळणार म्हणून तो खूश झाला होता. लहान नाव, टिंबं कमी, बोटांना आराम.

पण लिहायचं कुठं? दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. लग्नं पुढं ढकलली जात होती, झालीच तर पाच भांड्यांत उरकत होती. नव्या जिल्ह्याचं नाव ताहेरनं आजवर जेमतेम शंभर भांड्यांवर टाकलं असेल.

अशा दिवसांत बसवंतअण्णा त्याच्या ओट्यावर येऊन बसले. पिशवीतून त्यांनी दांडा काढला आणि गोणपाटावर ठेवला.

“ताहेरभाई, ह्याच्यावर नावं टाकायची.”

“हे कशाचं हाय अण्णा? पंपाचं?”

“विमानाचं.”

ताहेर हसला नाही. अण्णांच्या विमानाला आख्खं गाव आधीच हसून घेत होतं.

बसवंतअण्णा पंधरा वर्षं हवाई दलात मिस्तरी होते. दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली. स्वतः एकदाही चालवलं नाही, कारण ते त्यांचं काम नव्हतं. नोकरी संपल्यावर उदगीरला येऊन विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायचं दुकान टाकलं. मग विहिरीच आटल्या, मोटारी कोण आणणार? मन्मथअप्पा नावाच्या आडत व्यापाऱ्याचं गोदाम धान्याविना रिकामं पडलं होतं. अप्पांनी किल्ली दिली, म्हणाले, “पोती नाहीत तर तुझं विमान तरी राहू दे.” त्या गोदामात अण्णांनी नकाशे बघून, लाकूड, कापड आणि जुन्या गाडीचं इंजिन जुळवून एका माणसापुरतं विमान उभं केलं. गावाबाहेरचं तळं कोरडं पडलं होतं, त्याचा तळ फळीसारखा सपाट झाला होता. तिथून उडायचं ठरलं. दुष्काळानं अण्णांना वेळ दिला, जागा दिली, धावपट्टीसुद्धा दिली. राहिली होती ती सरकारी तपासणी. दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर मुंबईहून एक अधिकारी यायचे होते. लातूरला त्यांचं दुसरं काम होतं, तेवढ्यात एक दिवस उदगीर. पत्रात एक ओळ होती: प्रत्येक बटणावर त्याचं काम स्पष्ट आणि न पुसणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

“पेंटरकडून रंगवून घेतलं होतं,” अण्णा म्हणाले. “आठ दिवस नुसता धरून बसलो, सगळं हाताला आलं. हे बघा, ‘खाली’तला ‘खा’च ऱ्हायला न्हाई.”

“मंग खाली येणार कसे तुम्ही?”

अण्णा खो खो हसले. चार शब्द होते: रेडिओसाठी ‘बोला’, मग ‘दिवा’, ‘नाक वर’, ‘नाक खाली’.

“डोक्यावरच टाका. पितळ भरीव हाय. मंगळवारी साहेब येणार, त्या दिवशी सकाळी न्यायला येतो. तवर मी बाकीचं जुळवत ऱ्हातो.”

घरी ताहेरनं बायकोला, रईसाला, ही गोष्ट सांगितली. ती भाकरी थापता थापता थांबली.

“विमान पे नाम? हौला हो गया क्या वो?”

“वेडा न्हाई तो,” ताहेर म्हणाला. “गावात एकटाच हाय, जो काही तरी करून राहिला.”

ते काम ताहेरनं चार दिवस पुरवलं. आधी डोळे मिटून दांडा मुठीत धरला आणि अंगठा कुठं जातो ते बघितलं. अंगठ्याखाली अक्षर झाकलं जाईल तिथं लिहायचं नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं. ‘नाक वर’ आणि ‘नाक खाली’ बोटानं चाचपूनही ओळखू यावं म्हणून त्यानं एकाची टिंबं खोल ठोकली, दुसऱ्याची उथळ. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. परातीवर नाव टाकताना असला विचार कधी करावा लागला नव्हता. चौथ्या दिवशी काम संपलं, तेव्हा त्याला दांडा खाली ठेववेना.

भांड्यांच्या धंद्यात एक रीत असते. ज्याला भेट द्यायची त्याचं नाव वर, सगळ्यांना दिसेल असं. देणाऱ्याचं नाव बुडाशी. ताहेरनं तीस वर्षं हजारो लोकांची सप्रेम भेट ठोकली होती. मामाकडून, आत्याकडून, मित्रमंडळाकडून. त्याचं स्वतःचं नाव एकाही भांड्याच्या बुडाशी नव्हतं. त्याला वाटलं, विमान उडेल. उदगीरचा माणूस उदगीरवर उडेल. आणि त्यात आपलं काय? चार शब्द, तेही दुसऱ्यानं सांगितलेले.

त्यानं दांडा उलटा करून ठोकळ्याला टेकवला. हाताचा घाम लागणार नाही अशी जागा शोधली. ती सापडली अगदी खाली, जिथं ॲल्युमिनियमचा पाइप विमानातल्या लोखंडी कड्यात जाऊन बसतो तिथं, त्या कड्याच्या बोटभर वर. पाइप पातळ होता, टिंब लगेच उमटत होतं. हातोडी अगदी हलकी चालवत त्यानं पाइपाभोवती एक ओळ फिरवली: ‘बसवंतअण्णांना ताहेरकडून सप्रेम, उदगीर, जि. लातूर’. शेवटचा ‘र’ बरोबर पहिल्या ‘ब’ला येऊन टेकला. एका केसाचंही अंतर उरलं नाही. असं गोल जुळणं वर्षातून एखाद्या वेळी होतं. ताहेरनं कपाळाचा घाम पुसला आणि रईसाला हाक मारून ते दाखवलं.

मंगळवारी सकाळी अण्णा आले. डोक्यावरची अक्षरं बघून त्यांचा चेहरा उजळला. डोळे मिटून त्यांनी अंगठा फिरवला. “वर... खाली... अरे व्वा ताहेरभाई, हे तर आंधळ्यालाबी कळंल.”

“खाली बघा. बुडाशी.”

अण्णांनी दांडा फिरवला. वाचलं. मग अंगठ्याचं नख त्या ओळीवरून हळू फिरवलं, पुऱ्या गोलाईभर, आणि पुन्हा एकदा. ताहेरला वाटलं, अण्णांचं मन भरून आलं.

“लई सुंदर,” अण्णा म्हणाले. “चला, बसवून टाकू.”

गोदामात तपासणी दुपारपर्यंत चालली. साहेब शांत स्वभावाचे होते, मराठी नीट बोलत होते. लाकडाचे सांधे बघितले, कापड बोटानं वाजवून बघितलं, इंजिन चालू करायला लावलं. अण्णांची बायको, महादेवी, दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. टँकर दोन दिवसांनी यायचा, तरी साहेबांसाठी तिनं कळशी भरून राखली होती. मन्मथअप्पा खुर्ची आणून बसले होते. साहेब बटणांपाशी आले, एकेक दाबून बघितलं, आणि पहिल्यांदाच हसले.

“हे फार छान केलंय. मी असं कुठंच बघितलं नव्हतं.”

अण्णांनी ताहेरकडं बघितलं. ताहेरची छाती गोदामाएवढी झाली.

मग साहेब वाकले. खिशातून भिंग काढलं. दांड्याच्या बुडाशी बराच वेळ थांबले.

“हे कुणी केलं?”

“मी, साहेब,” ताहेर पुढं झाला. वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

“पोस्टाची तिकिटं बघितलीत ना तुम्ही? दोन तिकिटांमध्ये बारीक भोकांची ओळ असते. कशाला असते?”

“फाडायला.”

“बरोबर त्या ओळीवर फाटावं म्हणून.” साहेबांचा आवाज चढला नव्हता. “पायलट दांडा ओढतो तेव्हा सगळा जोर इथं, बुडाशी येतो. पाइप पातळ आहे. तुम्ही त्याच्याभोवती पूर्ण गोल ओळ ठोकलीत. रोज थोडा थोडा ताण बसून कधी तरी याच टिंबांतून तडा जाईल. वर डोक्यावर काय हवं ते लिहा, तिथं भीती नाही. इथं एक ओरखडासुद्धा चालत नाही.”

अप्पांनी घसा खाकरला. “साहेब, दुसरा पाइप टाकला तर?”

“टाका. पण प्रमाणपत्र असलेला पाहिजे. टाकून पुन्हा अर्ज करा.”

“मंग तुम्ही परत कधी येणार?” महादेवीनं विचारलं.

साहेबांनी कळशीकडं बघितलं आणि भिंग खिशात ठेवलं.

तो पाइप अण्णांच्या हवाई दलातल्या एका जुन्या दोस्तानं निवृत्त व्हायच्या आधी मिळवून दिला होता. दुसरा मिळाला नाही. अण्णांनी बंगळूरला पत्रं लिहिली, मुंबईला अर्ज लिहिला. पावसाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी सरकारी धान्य आलं, ते ठेवायला अप्पांचं गोदाम लागलं. अप्पा स्वतः सांगायला आले, मान खाली घालून. पंख काढून मोंढ्यात, धान्यबाजारातल्या एका शेडखाली ठेवले, ते वाळवीनं खाल्ले. इंजिन एका टँकरवाल्यानं नेलं. पुढच्या वर्षी तळ्यात पाणी आलं. लोकांना बरं वाटलं. तळ्याकाठी अण्णा मात्र कुणाला दिसले नाहीत.

ताहेरनं माफी मागितली ती एकदाच. अण्णा म्हणाले, “सोडा हो ताहेरभाई, नशिबात नव्हतं,” आणि पिशवीतून दांडा काढून त्याच्या हातात ठेवला. “तुमचं नाव हाय त्याच्यावर. तुमच्यापाशीच ऱ्हावू द्या.”

तो दांडा अजून ओट्याच्या फळीवर आहे. आता लग्नं होतात, भांडी येतात, ‘जि. लातूर’ची टिंबं बोटांना पाठ झाली. पण नाव टाकायच्या आधी ताहेर भांडं उलटं करून जाडी बघतो. गिऱ्हाईक हसतं: “घागर काय उडणार हाय का चाचा?” तो जाडी बघूनच हातोडी उचलतो.

साहेबांचं म्हणणं त्याला तेव्हाच पटलं होतं. त्याच्या मनात खुपतं ते वेगळंच. ते त्याला कितीतरी दिवसांनी, दांड्यावरून स्वतःचं नख फिरवताना उमगलं. अण्णांनीही त्या सकाळी असंच नख फिरवलं होतं, दोनदा, पुऱ्या गोलाईभर. पंधरा वर्षं विमानं दुरुस्त केलेला माणूस. जे साहेबांना भिंगातून दिसलं, ते त्यांच्या नखाला त्याच वेळी कळलं असणार. तरी म्हणाले, लई सुंदर. तरी म्हणाले, बसवून टाकू.

अण्णा आता देगलूरला लेकीकडं असतात. दृष्टी अधू झालीय. ताहेर वर्षातून एकदा जातो, सोबत पिशवीत दांडा नेतो, चहा पिऊन दोघं इकडचं तिकडचं बोलतात. दांडा पिशवीतून बाहेर येत नाही. परतीच्या एसटीत बसल्यावर मात्र तो मनातल्या मनात अण्णांशी बोलत राहतो, आणि दरवेळी एकाच जागी येऊन अडतो: अण्णा, त्या दिवशी साहेबांनी खाली वाकून बघितलं नसतं, तर माझं मन राखायला तुम्ही हाच दांडा धरून उडाला असता का?