खिडकीतल्या दोन उशा

खिडकीत दोन उशा उन्हात ठेवल्यात. कापूस हळूहळू फुगतोय आणि मी नुसती बघत बसलेय.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छातीतली जळजळ दहापैकी किती?" मी लाजून "दोन" म्हणाले. जास्त सांगणं म्हणजे जास्त मागितल्यासारखं वाटलं. सूनबाई फणकारली, "आई, तीन उशा रचून बसल्या-बसल्या झोपता, आणि म्हणे दोन!" बाई हसल्या. त्यांनी कागदावर तीन उशा काढल्या आणि गोळी बदलली.

आडवं होणं मला दूरच्या गावासारखं झालं होतं. काल एकाच उशीवर झोपले. घशाशी आंबट आलं नाही. स्वप्नात मी नदीवर उताणी तरंगत होते.

आज दवाखान्यात सूनबाईच्या आधी मीच बोलणार आहे. "एक उशी," म्हणणार आहे.