ऑक्सिजनला तेल लावणारा जावई

निलंग्याच्या माझ्या सासऱ्यांइतका संतापी माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो आयटीआयमध्ये त्यांच्याच हाताखाली वेल्डिंग शिकलेला असणार. नोकरीतून ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. राग मात्र अजून ड्यूटीवर आहे. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल फडकं दिसलं नाही तर मोटरसायकल आडवी घालून ते ट्रॅक्टर थांबवतात. एका पुतणीच्या लग्नात मांडवात वायरीचा जोड उघडा दिसला, तेव्हा मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मेन स्विच पाडला आणि मांडववाल्याला असं फैलावर घेतलं, की भटजी अंधारात ‘सावधान’ म्हणाले ते नेमकं कुणाला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जावयाचा मान मात्र ते काटेकोर पाळतात. कितीही भडकले तरी माझ्याशी बोलताना ‘अहो-जाहो’ सोडत नाहीत. “अहो जावईबापू, तुम्हाला अक्कल हाय का न्हाई?” हे वाक्य मी अत्यंत आदरानं उच्चारलेलं ऐकलं आहे, आणि तेही चारचौघांत.

मी नांदेडला एका कचेरीत कारकून. जुन्या सायकली जमवून दुरुस्त करायचा मला नाद. सांगाड्याचे तडकलेले सांधे घरीच पितळेनं भरावेत म्हणून, मोबाइलवर चार व्हिडिओ बघून, मी ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा छोटा संच घेतला. गुडघ्याएवढी काळी टाकी ऑक्सिजनची, तेवढीच तपकिरी ॲसिटिलीनची, आणि रेग्युलेटर, नळ्या, ज्वाळा सोडणारा टॉर्च हे सगळं जुन्या बाजारातलं, स्वस्तात. मे महिन्याचं ऊन. दोन्ही टाक्या कारच्या मागच्या सीटवर आडव्या झोपवल्या, काचा लावल्या आणि एसी लावून ऐटीत घरी आलो. पाहतो तर सासरे निलंग्याहून एसटीनं येऊन पडवीत चहा पीत बसलेले. त्यांनी काचेतून आत बघितलं आणि कपबशी खाली ठेवली. ती फुटली.

“जावईबापू, बॉम्ब घेऊन हिंडायलात तुम्ही! बंद गाडीत गॅस? काचा लावून?” असं म्हणत त्यांनी चारही दारं उघडली, टाक्या अंगणात आणून उभ्या केल्या आणि साखळीनं खिडकीच्या गजाला बांधल्या. “ॲसिटिलीनच्या टाकीत ॲसिटोन असतंय. आडवी ठेवली की ते गॅससंगं भाईर येतं. आता उद्यापर्यंत उभी राहू द्या. हात लावलात तर माझ्यासारखा वाईट न्हाई.” शेजारच्या गच्चीवर तोवर तीन बायका जमल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला जुन्या बाजारातल्या त्या दुकानात घेऊन गेले. रेग्युलेटरचा काटा दुकानदाराच्या नाकासमोर धरून म्हणाले, “दाब न्हाई, काय न्हाई, आन् काटा निम्म्यावर! ह्यो रेग्युलेटर हाय का हुक्का? आन् ज्वाळा मागं फिरली तर तिला अडवणारे वॉल्व्ह कुठं हायत?” दुकानदार म्हणाला, “काका, समदे असंच नेतेत.” झालं. “समदे मरतेत म्हून आमच्या जावयानं बी मरायचं व्हय रे?” हा आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानंही ऐकला. शेवटी दुसरीकडून नवे रेग्युलेटर, लाल आणि निळी नवी नळी, ते वॉल्व्ह, काळा चष्मा आणि ठिणगी पाडायचा लायटर असं सगळं घेऊन आम्ही घरी आलो. मी आतून धुमसत होतो.

आणि मग ते घडलं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा आटा मला घट्ट लागत होता. मी आत गेलो, खोबरेल तेलाची बाटली आणली, बोटावर थेंब घेतला. पुढच्या क्षणी हातावर असा फटका बसला की बाटली तुळशीपाशी जाऊन पडली.

“अरे गाढवा! ऑक्सिजनला तेल?”

बावीस वर्षांत पहिल्यांदा ‘अहो’ सुटलं होतं. माझी बायको दारात, गच्चीवर त्या तिघी. माझा तोल गेला. “मामा, हे माझं घर आहे,” मी ओरडलो, “ओरडायचंच असेल तर निलंग्याला जा!”

बायको म्हणाली, “अहो, काय बोलता?” सासरे पायरीवर बसले. मी कधीच ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाले, “एकदाच गप बसलो होतो, जावईबापू. तपासनीस आलते वर्कशॉपात. तवा माझे एक सिनियर मास्तर होते, लई मानायचो त्यांला. ग्रीसच्या हातानं रेग्युलेटर लावायलते. मला दिसलं. तपासनिसांदेखत कसं टोकावं म्हून न्हाई बोललो. काडी लागत न्हाई, ठिणगी लागत न्हाई. दाबातल्या ऑक्सिजनला तेल भेटलं की आपसूक पेट घेतंय. दोन्ही डोळे गेले त्यांचे. पुढं मी भेटायला गेलो, तर आवाजावरनं वळखून म्हणाले, बस बाबा, चहा घे. येका शब्दानं बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं.”

मी मोरीत जाऊन दोनदा साबणानं हात धुतले, कोरडे केले. त्यांनी मला नव्यानं सगळं शिकवलं: साबणाचं पाणी लावून गळती बघणं, बाजूला उभं राहून वॉल्व्ह हळू उघडणं, आधी ॲसिटिलीन पेटवून मग ऑक्सिजन सोडणं, अंगात सुती सदरा, शेजारी वाळूची बादली. शिकवताना सात वेळा ओरडले. मी मोजलं, आणि एकदाही उलट बोललो नाही.

यंदा दिवाळीला ते आले तेव्हा मी एका लेडीज सायकलीचा सांधा भरत होतो. “द्या इकडं,” म्हणाले. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. निळी ज्वाळा सांध्यावर ठरेना. इकडून तिकडं थरथरत राहिली. त्यांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि स्वतःच वॉल्व्ह बंद केले.

“हात हलायलाय,” एवढंच म्हणाले. “हलत्या हातात जाळ द्यायचा नसतोय.”

तो जाळ त्यांच्या हातात दिला होता मीच. मी शिवीची वाट पाहिली. ती आली नाही. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा सरळ केला आणि स्टुलावर जाऊन बसले. मी टॉर्च पुन्हा पेटवला आणि खाली मान घालून काम करत राहिलो. काळ्या काचेआड मला भयंकर राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.