विहीणबाईंच्या कानामागचा खंड्या

त्या सकाळी विहीणबाईंचा फोटो ग्रुपवर आला नाही, तेव्हा खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. म्हटलं, चला, आज तरी माझ्या तांबट पक्ष्याकडे लोकांचं लक्ष जाईल! चहा घेत बसले होते, तोच माझ्या मुलाचा, मंदारचा फोन आला. "आई, ऋजुताची आई गेली गं... झोपेतच." हातातला कप मी कुठे ठेवला, ते आठवत नाही.

सुनेची आई म्हणजे एरवी सणावारापुरती, मानपानापुरती. आमचं मात्र रोजचं येणंजाणं होतं, निसर्गाच्या हौशी फोटोंच्या त्या ऑनलाइन ग्रुपवर. आणि तिथे त्यांना नेलं कोणी? मीच! शाळेतून निवृत्त झाल्यावर मी चांगला कॅमेरा घेतला, हातभर लांब लेन्स घेतली, रीतसर क्लास केला. विहीणबाई खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या, हातात लेकीचा जुना फोन. फोनची काच पदराने खसाखसा पुसली की झाली यांची तयारी. "अहो, त्याला वेगळं कापड मिळतं," मी एकदा न राहवून म्हणाले. "असेल हो. पण ते शोधेपर्यंत पक्षी थांबतो का?" इति विहीणबाई.

मी फोटोखाली पक्ष्याचं शास्त्रीय नाव लिहायची, शटरचा वेग लिहायची. त्या लिहायच्या, "हा बुलबुल रोज येतो. आज रुसलाय, पोळी कालची आहे ना." की लोक तुटून पडायचे! लाल बदामांचा नुसता सडा. माझा स्वतःचा मुलगासुद्धा सासूबाईंना बदाम द्यायचा आणि जन्मदात्या आईला अंगठा. अस्सा जळफळाट व्हायचा माझा! एकच इच्छा होती... एकदा, फक्त एकदा, माझ्या फोटोला त्यांच्यापेक्षा जास्त बदाम पडावेत.

ती संधी खडकवासल्याला चालून आली होती. मुलांबरोबर रविवारी गेलो होतो. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या येऊन बसत होता. गुडघे दुखतायत, पाठ धरलीये, तरी मी चिखलात दबा धरून. शेवटी बसला पठ्ठ्या, चोचीत मासा, ऊन नेमकं पंखावर. मी बटण दाबलं, आणि कॅमेऱ्यासमोर भाजलेलं कणीस आणि त्यामागे विहीणबाईंचा हसरा चेहरा! "घ्या हो, गार होईल."

"अहो, सरका ना!" मी ओरडले. खंड्या केव्हाच भुर्र. संध्याकाळी ग्रुपवर बघते तर त्यांनी मलाच टाकलेलं, चिखलात गुडघे टेकलेली, तोंड वासलेली. खाली ओळ, "पक्षी उडाला. आमच्या विहीणबाई अजून तिथेच." इतके बदाम त्या ग्रुपवर कुणाला कधी पडले नसतील. मी त्यांच्याशी अबोला धरला. बाईंना तो कळलासुद्धा नाही, रोज सकाळी त्यांचा बुलबुल हजर!

त्या गेल्या त्या दिवशी हार घालायला फोटो हवा होता. त्यांच्या फोनमध्ये बुलबुल, मांजर, दूधवाल्याची सायकल, शेजारणीची वाळत घातलेली कुरडई, सगळं सापडलं. त्या स्वतः कुठेच नाहीत. ऋजुता रडत म्हणाली, "आई, तुमच्याकडे असेल का हो एखादा?" होता. कधीतरी भांडताना पुरावा म्हणून मी तो ठेवला होता.

नारायण पेठेतला आमचा फ्रेमवाला फोटो निरखत म्हणाला, "मॅडम, कानामागे निळा डाग आलाय. काढून टाकू?" म्हटलं, "डाग नाही तो, खंड्या आहे. राहू द्या." कणीस तेवढं कापलं त्याने.

तेराव्याला जो तो म्हणत होता, काय सुरेख फोटो, आत्ता बोलतील असं वाटतं. काढला कोणी, हे एकानेही विचारलं नाही. ग्रुपवर टाकला, तर बदामांचा पाऊस... माझ्या आजवरच्या कुठल्याही फोटोला पडले नव्हते एवढे. मंदारचाही त्यात होता. पण सगळे त्यांनाच. मेल्यावरही बाई माझ्या फोटोत मध्ये आल्या त्या आल्याच!

परवा खडकीला गेले होते. फ्रेमच्या काचेवर धूळ बसली होती. पर्समधून लेन्सचं कापड काढलं, परत ठेवलं आणि पदराने काच खसाखसा पुसली. म्हटलं, "विहीणबाई, आता सरका म्हणणार नाही हो. बसा तिथेच."