खासदाराची धुतलेली पाठ

राल्फ हेसलॉपचं अर्धं आयुष्य खाणीत कोळसा फोडण्यात गेलं. मग डरहॅमच्या खाणकामगारांनी त्याला खासदार करून लंडनला धाडलं. तिथे त्याने एकच धोशा लावला: खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरं हवीत. अखेर पैसा मंजूर झाला आणि घोडं अडलं ते त्याच्याच हॅगरली गावात. कामगारांनी मतं देऊन होकार द्यायचा, असा नियम होता. हॅगरलीचे पुरुष चुलीपुढच्या टपात बसून अंगभर साबण फासतील, पण पाठीला पाणी लागू देणार नाहीत. पाठ धुतली की तिची ताकद जाते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल; आणि न्हाणीघरात तर फवारा थेट पाठीवरच पडणार.

मतदानाच्या आदल्या दिवशी भर सभेत आडदांड सायलसने विचारलं, "राल्फ, लेका, तू तरी कधी पाठ धुतलीस का?"

राल्फनेही ती कधी धुतली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मागून त्याची बायको थॉमसिन उठली. बायकांना मत नव्हतं, तोंड मात्र होतं. "लग्न झाल्यापासून अंघोळीच्या पाण्याचे हंडे उचलतेय मी. माझी पाठ गेली, त्याचं कुणाला काही? आणा रे टप!"

खासदारसाहेब व्यासपीठावर उघडेबंब बसले आणि तिने खसाखसा घासलं. पाणी डांबरासारखं झालं.

"अगं, हळू!"

"गप बस. आजोबांच्या वेळचा कोळसा आहे हा."

"आता मला उचलून दाखव," सायलस म्हणाला.

राल्फने त्याला पाठुंगळी घेतलं. चार पावलांतच कंबर लचकली आणि दोघे धाडकन आपटले.

"बघा! गेली ताकद!" सगळे ओरडले. राल्फला वाटलं, संपलं सगळं.

"साबणाला कशाला बोल लावता?" थॉमसिन कडाडली. "लंडनच्या गाद्यांवर बसून बसून हा असा झालाय!"

सभागृह हसून लोळलं. सायलस तर जमिनीवरून उठेचना. "हे मात्र पटलं बाई!"

दुसऱ्या दिवशी न्हाणीघर मंजूर झालं. पण ते बांधून व्हायला अवकाश होता आणि संध्याकाळी राल्फचे दोघे मुलगे काळेकुट्ट होऊन खाणीतून घरी आले. खुशीत असलेला राल्फ म्हणाला, "आज पाणी मी आणतो." त्याने चुलीवरचा हंडा उचलला आणि दोन पावलांत खाली ठेवला.

"थॉमसिन, एवढं जड... रोज?"

"रोज."

तो भाषणं करकरून मोठा झालेला माणूस. आता नुसता हंड्याकडे बघत बसला.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "पोरं खोळंबलीत. उचल."